वकिलाचं अर्धं तोंड

वकिलाचं वर्षश्राद्ध घालायचं ठरलं तेव्हा मी तिथं फक्त जेवायला गेलो होतो, हे आधीच सांगून ठेवतो. जावयानं सासुरवाडीला जावं, आग्रह होईल तेवढं खावं आणि सुपारी तोंडात टाकून निघावं. तोंड उघडायचं ते घासापुरतं. हे मला लग्नाच्या वेळी कुणी समजावून सांगितलं असतं तर पुढचं रामायण झालंच नसतं.

वकील हा आमच्या सासऱ्यांचा बैल. बोरी बुद्रुकला त्यांच्या, म्हणजे भिमाजी मामांच्या, दावणीला होता. गाड्याला जुंपायच्या आधी तो मान हलवून, खुरं आपटून अशी हुज्जत घालायचा की खोंड असतानाच त्याचं नाव वकील पडलं. एकदा सुटला मात्र, की घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, त्याच्यापुढं कुणी टिकत नसे. गेल्या साली पोट फुगून गेला. शर्यतीचा बैल गेला की आमच्या जुन्नर-आंबेगावकडं त्याचा दहावा होतो, वर्षश्राद्ध होतं, मांडव पडतो, प्रवचन होतं, गावजेवण होतं. बाहेरच्या लोकांना याचं हसू येतं. त्यांनी एकदा मामांसमोर हसून बघावं.

वकील गेल्यापासून मामा एकाही घाटात फिरकले नव्हते. शेजारच्या गावात शर्यत असली, भोंग्याचा आवाज घरात आला, की हे मोटार चालू करायच्या नावाखाली विहिरीवर जाऊन बसायचे. वर्षश्राद्धाला त्यांचं मागणं एकच होतं.

"मला त्येचं त्वांड बगायचंय," मामा ताटात बघत म्हणाले. "सरळ. माज्याकडं बगताना."

फोटो ढीगभर होते. पण बैल जिंकला की माणसं फोटो काढून घेतात ते स्वतःचे. बैल मागं असतो. कुठं वकिलाची शेपटी होती, कुठं वशिंड, कुठं तोंड होतं पण भंडाऱ्यानं पिवळंधमक. त्यातल्या त्यात एक फोटो बरा होता. त्यात वकिलाचं डावं अर्धं तोंड स्वच्छ आलं होतं. उरलेल्या अर्ध्यावर एक माजी सरपंच गॉगल लावून उभे होते.

"त्यात काय, मी काढतो की चित्र," मी म्हणालो.

तोंडात पुरणपोळी होती, तरी सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं. मी ओतूरला हायस्कूलवर चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवतो. कागद, जलरंग आणि एक दुपार दिली असती तर वकील काढून मोकळा झालो असतो. पण माझी मेहुणी संस्कृती तिथंच बसली होती. ती अवसरीला इंजिनिअरिंगला आहे आणि मला सुधारणं हा तिचा जोडविषय आहे.

"कागदावर का, दाजी? आता कोण काढतं कागदावर? भिजलं की गेलं. डिजिटल काढा, फ्लेक्स छापता येतो."

"डिजिटलच म्हणतोय मी," मी म्हणालो.

प्राची, म्हणजे आमची सौभाग्यवती, घरी येताना गाडीवर मागून म्हणाली, "तुम्हाला मोबाईलमधला आडवा फोटो उभा करता येत नाही." आळेफाट्याला ट्रॅफिक होता, आणि माणसानं गाडी चालवताना बोलू नये.

डिजिटल चित्र काढायचं तर आधी सॉफ्टवेअर निवडावं लागतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. माझी समजूत होती की कॉम्प्युटरमध्ये चित्र काढायचं एक ठिकाण असतं, जसं गावात पोस्ट असतं. तसं नाही. ही सॉफ्टवेअरं शेकड्यानं आहेत आणि प्रत्येकाचे वापरणारे दुसऱ्याच्या वापरणाऱ्यांना वेड्यात काढतात. नावं मी सांगणार नाही. कंपन्या मोठ्या आहेत आणि मी अनुदानित शाळेचा मास्तर आहे. चिन्हाच्या रंगावरून ओळखा.

संस्कृतीचं मत निळ्याला. जगातले सगळे मोठे लोक निळंच वापरतात म्हणे. फक्त ते विकत मिळत नाही, दरमहा भाड्यानं मिळतं. हे मी आमचे शेजारी गेणभाऊ यांच्यासमोर बोललो, ही चूक झाली. गेणभाऊ एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत आणि अजून सगळ्या गल्लीला पुढं सरकायला सांगत असतात.

"भाड्यानं ब्रश?" गेणभाऊ ओट्यावर टेकले. "मास्तर, मला सांगा, तुमी चित्र काढलं. उद्या भाडं थांबवलं. मग चित्र कुणाचं?"

"माझंच."

"मग उगाडता येईल का?"

मी संस्कृतीला फोन केला. ती म्हणाली, तसं नाही दाजी, पण म्हणजे तसंच. गेणभाऊंनी मांडीवर थाप मारली. "बगा! म्हंजे बैल तुमचा, गोठा त्यांचा. नगं राव."

निळं बारगळलं. मग मी आमच्या बाजारपेठेतल्या फ्लेक्सवाल्या भरतकडं गेलो. भरतचं तांबडं. तालुक्यातले निम्मे वाढदिवस आणि सगळे दुखवटे त्या तांबड्यातून निघतात. भरत म्हणाला, "सर, तुमी कशाला तरास घेता? फोटो द्या. मी सरपंच पुसतो, बैल ठेवतो." आणि माझ्यासमोर त्यानं सरपंच पुसले. पण त्यांच्याबरोबर वकिलाचं अर्धं तोंडही गेलं, आणि सरपंचांचा हात तेवढा शिंगावर राहिला. शिवाय भरतची पद्धत अशी की नवीन फ्लेक्स जुन्यावरच करायचा. त्यामुळं वकिलाच्या अर्ध्या तोंडाखाली आपोआप 'भावी जिल्हा परिषद सदस्य' आलं.

"ते काढतो वो," भरत म्हणाला. "कदी कदी राहतं."

मी भरतचा चहा पिऊन परत आलो.

तोवर गेणभाऊंनी स्वतःच्या मोबाईलवर नवीनच काढलं होतं. त्यात चित्र काढावं लागत नाही, नुसतं तोंडानं सांगायचं. गेणभाऊ माझ्यासमोर मोबाईल तोंडाला लावून एसटीत ओरडल्यासारखे ओरडले, "बैल काढ! शर्यतीचा! वकील!" मोबाईलनं थोडा विचार केला आणि काळा कोट, गळ्याला पांढऱ्या पट्ट्या घातलेला एक बैल काढून दिला. मागं कोर्ट होतं. गेणभाऊंनी चित्र लांब धरून, जवळ धरून पाहिलं. "पर रुबाब हाय," ते म्हणाले. एवढ्यावर न थांबता त्यांनी तो बैल मामांना व्हॉट्सअॅपवर पाठवला. वर सांत्वन म्हणून लिहिलं, 'बैल गेला अन् झोपा केला असं होऊ नये, मास्तरांचं काम जोरात चालू आहे.' मामींनी प्राचीला फोन करून विचारलं की जावयाची तब्येत बरी आहे ना.

उरलं जांभळं. ते फुकट. परदेशातल्या कुणा भल्या माणसांनी हौसेनं केलंय, कुणीही घ्या, कितीही वापरा. गेणभाऊंना हे निळ्याच्या भाड्यापेक्षा जास्त लागलं. "फुकट कोण देतं का आजकाल? नीट बगून घ्या मास्तर." पण मी आता कुणाचं ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. जांभळ्यावर शिक्कामोर्तब केलं.

मग कळलं की त्याला पेनवाला टॅब लागतो.

असा एक टॅब आमच्या शाळेत आहे. कुठल्याशा योजनेत आला तेव्हापासून हेडमास्तरांच्या कपाटात आहे, कारण वापरला तर खराब होईल. मी मागायला गेलो.

"कशासाठी?" हेडमास्तर.

"चित्रासाठी."

"कसलं चित्र?"

"बैलाचं."

हेडमास्तरांनी चष्मा काढला. "सर, टॅब शैक्षणिक आहे. बैल अभ्यासक्रमात आहे का?"

मी म्हणालो, बैल हा पाळीव प्राणी आहे आणि पाळीव प्राणी अभ्यासक्रमात आहेत. हेडमास्तर म्हणाले, मग लेखी द्या. मी दिलं. मग म्हणाले, विषय वर लिहा. लिहिला. मग म्हणाले, 'बैल' नको, 'पशुधन' लिहा, वर गेलं तर बरं दिसतं. शेवटी 'पशुधन निरीक्षण व शैक्षणिक साहित्य निर्मिती' या विषयाखाली टॅब कपाटाबाहेर आला. त्याच्याबरोबर पांढरी वायर, आणि "पडू देऊ नका" ही सूचना.

जांभळं शिकण्याचा काळ मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यात माझी शोभा वाढण्यासारखं फारसं नाही. या सॉफ्टवेअरांत चित्र एका कागदावर नसतं, एकावर एक ठेवलेल्या काचांवर असतं. शिंगं एका काचेवर, डोळा दुसऱ्या, कातडं तिसऱ्या. मी डोळा शिंगांच्या काचेवर काढला. मग शिंगं जरा वर सरकवली, तर डोळाही वर गेला. एका रविवारी सकाळपासून जेवणापर्यंत राबून मी वशिंड फार सुरेख काढलं, आणि ते झाकलेल्या काचेवर काढलं होतं. ते अजून मला सापडलेलं नाही. प्राची येता-जाता बघायची आणि काही न बोलता जायची. तिनं काही बोललेलं परवडलं असतं.

अडचण खरी होती ती अर्ध्या तोंडाची. डावी बाजू फोटोवरून हुबेहूब उतरली. डोळ्यातला तो वादाला तयार असलेला भाव मी असा पकडला की प्राची पहिल्यांदा थांबली आणि "अगं बाई, वकील!" म्हणाली. पण उजवी बाजू सरपंचांच्या मागं. ती कुठून आणायची? मामांना विचारता आलं असतं. पण चित्रकारानं गिऱ्हाईकाला विचारून काढलं तर त्याचा मान काय राहिला?

आणि मग मला ते बटण सापडलं. जांभळ्यात वर एक बारीक बटण आहे. ते दाबलं की डावीकडं काढाल ते उजवीकडं आपोआप उमटतं. मी हरखून गेलो. तोंड म्हणजे तरी काय, इकडं डोळा तिकडं डोळा, इकडं शिंग तिकडं शिंग. बघता बघता वकील पूर्ण झाला. मी गेणभाऊंना बोलावून दाखवला. त्यांनी चक्क टोपी काढली. "मास्तर, आता फुकटच्याला नावं ठेवणार न्हाई."

भरतनं फ्लेक्स छापला. मी स्वतः उभा राहून 'भावी' वगैरे काही आलं नाही याची खात्री केली.

वर्षश्राद्धाच्या सकाळी बोरीला मांडव भरला होता. कुठकुठले गाडामालक फेटे बांधून आले होते. स्टेजवर महाराज येऊन बसले होते, आणि त्यांच्या मागं कापडानं झाकलेला माझा फ्लेक्स. मामा हार घेऊन उभे राहिले. हार फ्लेक्सच्या मापाचा केला होता, दोघांनी धरावा लागत होता. मी पहिल्या रांगेत, जरा तिरका बसलो होतो, म्हणजे उठून नमस्कार करायला बरं पडतं.

संस्कृतीनं कापड ओढलं.

टाळ्या नाहीत. नुसती आचाऱ्याच्या कढईची चरचर ऐकू येत होती. मग मागून एक म्हातारा गाडामालक म्हणाला, "आरं, ह्येला दोन भवरं कसं?"

मी फ्लेक्सकडं पाहिलं. वकिलाच्या कपाळावर, डाव्या डोळ्याच्या वर, केसांचा एक भोवरा होता. मी तो मोठ्या कौतुकानं काढला होता. आता त्याच्या जोडीला उजवीकडं अगदी तसाच दुसरा होता. एक भोवरा असला तर बैल घ्यावा, दोन असले तर तो घरात भांडणं लावतो, हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. मी जाणत नव्हतो असं नाही. मी चित्र काढत होतो, बैल बघत नव्हतो.

"दोन भवऱ्याचं जनावर कुणी दावणीला बांदतं का?" दुसरा म्हणाला.

"भिमाजीनं हेच पळवलं का काय?"

"छ्या! आन् उजवा कान धड हाय ह्येचा. वकिलाचा फाटका व्हता, तारंत अडकून."

मांडवात चर्चा पेटली. महाराजांनी घड्याळात पाहिलं. मामा मात्र हार धरून तसेच उभे होते. त्यांनी एकदा फ्लेक्सच्या डाव्या बाजूकडं पाहिलं, एकदा उजव्या. मग हार खाली ठेवला.

"परक्या बैलाला हार न्हाई घालायचा मी," मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता. त्यांचे डोळे भरले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून ते गोठ्याकडं निघून गेले.

त्या घटकेला जमीन दुभंगून मला पोटात घेती तर बरं झालं असतं. पण बोरीची जमीन भारी काळी असली तरी तेवढ्यापुरती दुभंगत नाही. मी पिशवीतून टॅब काढला आणि मामांच्या मागं गोठ्यात गेलो. ते वकिलाच्या रिकाम्या दावणीशी बसले होते.

"मामा, मी चुकलो," मी म्हणालो. "उजवी बाजू मला माहीतच नव्हती. तुम्ही सांगा, मी काढतो."

मामा टॅबकडं बोट करून म्हणाले, "त्यो भवरा पुसा आदी."

मी उजवा भोवरा पुसायला घेतला. ते बटण अजून चालूच होतं. मी उजवा पुसला आणि डावाही गेला. मामांच्या तोंडून "आरं आरं आरं!" असा आवाज निघाला, वासरू खड्ड्यात पडताना निघतो तसा. मी घाम पुसून सगळं परत आणलं, आधी बटण बंद केलं, मग भोवरा पुसला. एकटा उजवा गेला.

"आता कान," मामा म्हणाले. "न्हाई, असा न्हाई. खालून फाटलाय. आणखी. आवं, आणखी! तुमी घाबरताय त्येला. आणा हिकडं."

त्यांनी माझ्या हातातून टॅब घेतला, पेन बाजूला ठेवलं आणि अंगठ्यानंच कान फाडला. वेडीवाकडी रेघ. मग उजव्या शिंगाचं टोक आत वळवलं. मग डोळ्याखाली एक डाग दिला आणि सांगायला लागले की हा डाग कसा पडला, त्या दिवशी घाटात किती ऊन होतं, सुटायच्या आधी वकील कसा त्यांच्याकडं बघायचा. बाहेर महाराजांनी प्रवचन सुरू करून टाकलं होतं. मी शाईच्या बाटल्या सांभाळणाऱ्या शिपायासारखा शेजारी बसून होतो. रंग बदलून द्या म्हटलं की देत होतो. माझ्या सगळ्या चित्रात चित्रकलेच्या दृष्टीनं चुकलेल्या रेघा तेवढ्याच होत्या, मामांच्या.

मग मामांनी टॅब मांडीवर उभा धरला आणि थांबले.

"आला," ते म्हणाले. एवढंच. आणि लहान पोरासारखे रडले. मीही रडलो, त्याचं मला काही वाटत नाही.

फ्लेक्स पुन्हा छापायला वेळ नव्हता. म्हणून स्टेजवर खुर्ची मांडली, खुर्चीवर गादी, गादीवर शाळेचा टॅब. हार घातला तर टॅब दिसेनासा झाला. मग हार खुर्चीला घातला. माणसं रांगेनं पाया पडायला आली. चौथ्या-पाचव्या माणसाला वकील मिटायचा, की शेजारी उभी असलेली संस्कृती बोट लावून उघडायची. मघाचा तो म्हातारा गाडामालक वाकून जवळून बघत राहिला. "ह्यो खरा," म्हणाला आणि फेटा नीट करून हात जोडले. दोन भोवऱ्यांचा फ्लेक्स मामींनी उलटा करून कांद्यावर झाकायला घेतला. कांद्याची भांडणं होत नाहीत म्हणाल्या.

जेवणं झाल्यावर बघतो तर खुर्चीवर टॅब नाही, म्हणून मी गोठ्यात गेलो. तो दावणीच्या वरच्या कोनाड्यात ठेवला होता. पुढं उदबत्ती. मामा खाली बसून विडीही न पेटवता वर बघत होते. टॅब परत मागायला माझी जीभ रेटेना. मी पांढरी वायर तेवढी जोडून दाखवली आणि निघालो. हेडमास्तरांना सांगितलंय की पशुधन निरीक्षण अजून चालू आहे. ते म्हणाले, तसं लेखी द्या.

लग्नाला इतकी वर्षं झाली, मामांनी मला आपणहून कधी फोन केला नव्हता. आता वर्गावर असलो तरी येतो.

"पावणं, वकील झोपला. उठंना."

"मामा, पांढरी वायर लावा."

पलीकडं खुडबुड होते. मग काहीच ऐकू येत नाही. मी हॅलो हॅलो करत राहतो, पोरं चित्रं काढायची सोडून माझ्याकडं बघतात.

"उठला," मामा म्हणतात. आणि फोन बंद करायचं विसरून त्याला सांगायला लागतात, काल कुठल्या घाटात कुणाचा गाडा कसा पळाला, कुणाचा बैल ऐन वेळी बुजला, आणि तू असतास तर काय झालं असतं. त्याला सांगायला काहीतरी हवं म्हणून मामा पुन्हा घाटात जायला लागलेत.